हा उशिरा आला, तर घरात कोण जागं असतं?

वाचकांचे प्रश्न : गुन्हा आणि समाज

एकतीस वर्षं मी परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर म्हणून काम केलं. त्यातली बहुतेक सोलापुरात. न्यायालयाने किंवा बाल न्याय मंडळाने सांगितलं की गुन्ह्यात सापडलेल्या माणसाच्या घरी जायचं, शेजारीपाजारी बोलायचं, शाळेत चौकशी करायची आणि हा इथवर कसा आला याचा अहवाल लिहायचा, असं ते काम. गेल्या अंकात या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. बाकीच्यांना पोस्टाने उत्तर देते आहे.

माझा सोळा वर्षांचा मुलगा दोन मित्रांबरोबर यात्रेत मोबाइल चोरताना सापडला. बाल न्याय मंडळापुढे पुढच्या महिन्यात तारीख आहे. माझे दीर पूर्वी चोरीच्या गुन्ह्यात जेलमध्ये होते, म्हणून सासरची माणसं म्हणतात की हे रक्तातच आहे. ताई, खरंच असं असतं का? – एक आई, बार्शी तालुका

नाही, बाई. पहिल्यांदा हे मनातून काढून टाका.

तुमच्या सासरी जे बोललं जातं, ते एके काळी मोठमोठे डॉक्टर बोलत होते. इटलीतल्या चेझारे लोंब्रोझो या डॉक्टरांना एका दरोडेखोराच्या कवटीत मागच्या बाजूला एक खळगा दिसला. त्यावरून त्यांनी ठरवलं की गुन्हेगार जन्मतःच वेगळा असतो. १८७६ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. जबडा मोठा, हात लांब, कान असे, कपाळ तसं! पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग या तुरुंगातल्याच डॉक्टरने सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापं घेतली, साध्या माणसांच्या मापांशी ताडून पाहिली आणि १९१३ साली सांगितलं की चोराची म्हणून काही वेगळी शरीराची ठेवण नसते. कवट्यांचा विषय तिथे संपायला हवा होता. पण माणसांच्या बोलण्यात तो अजून जिवंत आहे, तुमच्या ओसरीवरसुद्धा.

मला सगळ्यात पटलेलं काम शिकागोतल्या क्लिफर्ड शॉ यांचं. ते स्वतः काही काळ तिथल्या बाल न्यायालयात प्रोबेशन ऑफिसर होते, म्हणून मला ते आपल्यातलेच वाटतात. त्यांनी आणि हेन्री मॅके यांनी काय केलं, तर बाल न्यायालयात आलेल्या हजारो मुलांचे पत्ते शहराच्या नकाशावर टिंबांनी मांडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुलं, मग दहा-पंधरा वर्षांनंतरची, मग त्याच्याही नंतरची. टिंबांची गर्दी दर वेळी त्याच वस्त्यांत, कारखान्यांना आणि मुख्य बाजाराला खेटून असलेल्या. पण त्या वस्त्यांत राहणारे लोक मधल्या काळात पार बदलले होते. आधी जर्मन आणि आयरिश होते, ते चार पैसे जमल्यावर चांगल्या भागात गेले. मग इटालियन आणि पोलिश आले. जे बाहेर पडले, त्यांच्या मुलांच्या केसेस कमी झाल्या. जे नवे आले, त्यांच्या मुलांच्या वाढल्या. रक्तात असतं, तर ते रक्त माणसांबरोबर नव्या घरी गेलं असतं ना? ते गल्लीतच कसं राहिलं?

गल्लीत राहिली ती सोबत. एडविन सदरलँड या अमेरिकन अभ्यासकांनी सांगितलं की चोरी ही शिकलेली गोष्ट आहे, आणि ती शिकवणारी माणसं जवळची असतात. हात कसा घालायचा एवढंच त्यात शिकवलं जात नाही. ‘त्याच्याकडे दुसरा फोन असेलच, त्याला काय फरक पडतोय’ हे समाधानही शिकवलं जातं. तुमच्या मुलाला विचारा, पकडला गेला त्या दिवशी दोघा मित्रांपैकी कोण काय म्हणालं. रागावून विचारू नका. जेवताना विचारा. उत्तरात अशी एखादी ओळ नक्की सापडेल.

आता माझ्या कामातलं सांगते. कुणाच्याही घरी चौकशीला गेले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे : ‘हा रात्री उशिरा आला, तर घरात कोण जागं असतं?’ उत्पन्नाचा आकडा खोटा मिळतो, शिक्षणाचा मिळतो, पण या प्रश्नाला खोटं उत्तर पटकन सुचत नाही. एका घरी आई म्हणाली, ‘मी झोपते, पण कडी आतून लावत नाही.’ दुसऱ्या घरी बाप बिडी विझवून बराच वेळ गप्प बसला. तिसऱ्या घरी चौदा वर्षांच्या मुलाची आजी म्हणाली, ‘त्याचं ताट झाकून ठेवते आणि त्याच्यापाशीच बसते.’ सायकली पळवणारा होता तो. त्याच्यावर माझी देखरेख दोन वर्षं होती. आज त्याचं टायर-पंक्चरचं दुकान आहे, आणि आजीच्या दहाव्याला त्याने मला बोलावलं होतं. एका ताटाने सगळं झालं असं मी म्हणत नाही. त्याला एका गॅरेजवाल्याने ठेवून घेतलं, हेही होतं.

बाकीचे अभ्यासक माणूस गुन्हा का करतो ते शोधत होते. ट्रॅव्हिस हिर्शी यांनी १९६९ साली प्रश्न उलटा केला : मोह तर सगळ्यांनाच होतो, मग बहुतेक माणसं गुन्हा का करत नाहीत? त्यांचं उत्तर असं की माणूस बांधलेला असतो. आईबापांशी, शाळेतल्या एखाद्या गुरुजींशी, हातातल्या कामाशी, उद्याच्या एखाद्या बेताशी. हे दोर तुटले की तो मोकाट होतो. तुमच्या मुलाचे कोणते दोर शाबूत आहेत ते बघा. तो शाळेत जातोय ना? तारखेच्या लाजेने शाळा सोडायला लावू नका. हीच चूक मी सर्वांत जास्त घरांत पाहिली.

आणि एक. फ्रँक टॅननबॉम नावाचे अभ्यासक तरुणपणी बेकारांच्या चळवळीपायी वर्षभर तुरुंगात राहिले होते. त्यांनी १९३८ साली लिहिलं की पोराच्या एका वाईट कृत्यावरून आपण सगळ्या पोरालाच वाईट ठरवतो, आणि चोर-चोर म्हणत राहिलो की तोही स्वतःला तसंच ओळखू लागतो. आपल्या कायद्याने हे मान्य केलेलं आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात मुलाला आरोपी किंवा गुन्हेगार म्हणायचं नाही. शब्द आहे ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. जड आहे, पण त्यामागचं मन चांगलं आहे. साध्या चोरीत मंडळाचा निर्णय झाला तरी पुढे नोकरीला किंवा शिक्षणाला त्याची आडकाठी येत नाही, हे कलम २४ सासरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

तारखेला तुम्ही दोघंही जा. मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. त्याआधी परिविक्षा अधिकारी घरी येतील. त्यांच्यापासून दिरांची गोष्ट लपवू नका आणि मुलाकडून उत्तरं पाठ करून घेऊ नका. घरातलं खरं चित्र दिसलं, तरच मदत नेमकी होते.

आमच्या शाळेत मारामाऱ्या आणि किरकोळ चोऱ्या वाढल्या आहेत. आठवी-नववीच्या निवडक मुलांना जेल दाखवून आणावं, कैद्यांकडून दोन कडक शब्द ऐकवावेत, असं शिक्षक-पालक सभेत ठरतंय. आपलं मत? – मुख्याध्यापक, लातूर जिल्हा

सर, हा बेत सोडून द्या. कळकळीने सांगते आहे.

अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात नेमकं हेच सुरू झालं. जन्मठेपेचे कैदी पोरांना समोर बसवून ओरडायचे, आत काय काय होतं ते सांगायचे. १९७८ साली त्यावर माहितीपट निघाला आणि देशभर लोक म्हणू लागले की उपाय सापडला. मग जेम्स फिंकेनॉर या प्राध्यापकांनी आकडे तपासले. तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी, न पाहिलेल्या मुलांपेक्षा पुढे जास्त गुन्हे केले होते. नंतर अशा नऊ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, निष्कर्ष तोच. उपयोग नाही, उलट नुकसान.

का होतं असं? भीती पोरांच्या मनात आठवडाभर टिकते. पण ‘निवडक मुलं’ म्हणून तुम्ही ज्यांना बसमध्ये बसवाल, त्यांना शाळेने काय ठरवलं आहे हे अख्ख्या शाळेला कळेल, आणि ती मुलं परत येतील ती एकमेकांची घट्ट दोस्त होऊन. बेकारिया नावाचे इटालियन विचारवंत १७६४ सालीच सांगून गेले की शिक्षा किती कठोर आहे याला फार महत्त्व नाही. ती नक्की होणार आणि लवकर होणार, याला आहे. तुमच्या शाळेत मारामारी झाली की त्याच दिवशी, शांतपणे, दर वेळी काहीतरी होतं का? की तीनदा दुर्लक्ष आणि चौथ्यांदा छडी?

हजेरीपट काढा. सलग तीन दिवस गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी वर्गशिक्षकांनी स्वतः जावं. मी पाहिलेल्या मुलांच्या कागदांत पहिली चोरी आणि शाळेतलं पहिलं लांबलेलं खाडं यांत फार अंतर नसायचं, आणि खाडं आधी असायचं.

आमच्या सोसायटीत वर्षभरात चार घरफोड्या झाल्या. जवळच्या मोकळ्या जागेवर पारध्यांची पालं आहेत. पोलिसांकडे ती उठवण्याची मागणी करावी असा ठराव आला आहे. मी सेक्रेटरी आहे आणि मला हे पूर्ण पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. – पुणे

तुम्हाला पटत नाही, हे फार बरं आहे. या पत्राला मी जरा लांब उत्तर देणार आहे, कारण सोलापुरात राहणाऱ्या माणसाला या विषयावर गप्प बसता येत नाही.

आमच्या शहरात सेटलमेंट नावाचा भाग आहे. रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ म्हटलं की तो नेतो. नाव कुठून आलं हे नव्या पोरांना ठाऊक नसतं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर, अशी त्यामागची समजूत. एका माणसाने काही केलं की नाही हे पाहायचंच नाही. जमातच्या जमात यादीत घालायची. नाव नोंदवायचं, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. पुढच्या दुरुस्त्यांनी बोटांचे ठसे आले, आणि मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवण्याची मुभाही आली. मुंबई इलाख्यात ज्या वसाहती झाल्या, त्यांतली मोठी सोलापूरची. तारेचं कुंपण, आत कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशी कुटुंबं, आणि गिरण्यांना हवे असलेले कामगार तिथूनच जात.

नोकरीच्या पहिल्या वर्षी तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली. अक्षता पडल्या आणि हजेरीची वेळ झाली. नवरा मुंडावळ्यांसकट रांगेत जाऊन उभा राहिला आणि नाव पुकारल्यावर ‘हजर’ म्हणून परत आला. मग पंगत बसली. हे सांगताना त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही; आवाजसुद्धा चढला नाही. लुगड्याच्या काठाचा एक सुटा धागा त्या बोटाभोवती गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. म्हणून त्या लोकांना विमुक्त म्हणतात. पण पाठोपाठ राज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे केले, आपल्याकडे १९५९ साली. यादी गेली, शंका राहिली. इतकी राहिली की तुरुंगांच्या नियमपुस्तकांत या जमातींचे उल्लेख शिल्लक होते आणि सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल देऊन त्याबद्दल सरकारांना खडसावावं लागलं. हॉवर्ड बेकर या समाजशास्त्रज्ञाने म्हटलं आहे की वाममार्गी तो, ज्याच्यावर समाजाने तो शिक्का यशस्वीपणे मारला. त्याने हे शिकागोच्या नाइट क्लबांत पियानो वाजवता वाजवता अनुभवलं. आपल्याकडे तो शिक्का सरकारी रजिस्टरमध्ये होता.

पालांतला कुणीच कधी चोरी करत नाही, असं मी म्हणणार नाही. मी अशा मुलांचे अहवाल लिहिले आहेत. पण त्या अहवालांत काय होतं ते ऐका. जन्माची नोंद नाही, म्हणून जातीचा दाखला नाही, म्हणून सवलत नाही. पाल दर काही महिन्यांनी उठवलं जातं, म्हणून शाळा नाही. गावात चोरी झाली की बापाला आधी उचलून नेतात, म्हणून त्याची मजुरी बुडते. रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९३८ साली सांगितलं होतं की समाज स्वप्नं सगळ्यांना सारखी दाखवतो आणि तिथे पोचायच्या वाटा मात्र थोड्यांनाच देतो. मग काहीजण आडवाट धरतात. तुमचा ठराव सरळ वाट आणखी अरुंद करेल. पाल उठेल आणि दोन किलोमीटरवर पडेल, फक्त तिथल्या मुलांची शाळा पुन्हा एकदा सुटलेली असेल.

आता तुमच्या चार घरफोड्यांकडे या. पुरावा पालाकडे बोट दाखवतो का, की फक्त ठराव? कोहेन आणि फेल्सन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७९ साली एक साधा हिशेब मांडला. चोरी व्हायला तीन गोष्टी एका वेळी एका जागी याव्या लागतात : चोरी करू पाहणारा, हाताला लागेल असा ऐवज, आणि राखणारं कुणी नसणं. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर सुबत्ता वाढली तरी घरफोड्याही वाढल्या, कारण दिवसा घरं रिकामी राहू लागली आणि घरातल्या वस्तू उचलायला हलक्या झाल्या. तुमच्या सोसायटीत सकाळी नऊ ते संध्याकाळी सात किती फ्लॅट बंद असतात? दाराबाहेर पार्सलं किती दिवस पडून असतात? वॉचमन किती महिन्यांनी बदलतो, आणि त्याला किती कुटुंबं चेहऱ्याने माहीत आहेत? कॅमेरे जरूर लावा, पण कॅमेरा बघणारा माणूस लागतो.

शिकागोतच रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४३ वस्त्यांमधल्या ८,७८२ रहिवाशांना प्रश्न विचारले. ते मला इतके आवडतात की मी प्रशिक्षणात नेहमी सांगत असे. शाळा बुडवून पोरं कोपऱ्यावर उभी आहेत, तुमचे शेजारी काही बोलतील का? कुणी भिंत रंगवून खराब करतंय, कुणी हटकेल का? घरासमोर मारामारी लागली, मध्ये कुणी पडेल का? शेजाऱ्यांवर भरवसा आहे का? जिथे ‘हो’ जास्त, तिथे हिंसक गुन्हे कमी. गरिबीचा परिणाम हिशेबात धरूनसुद्धा. १९९७ साली हे प्रसिद्ध झालं. आपल्या जुन्या वाड्यांमध्ये ओट्यावर बसलेल्या आजी ‘कुणाकडे आलात?’ म्हणून विचारायच्या, ते हेच. वाडा परत आणा असं मी म्हणत नाही. त्या आजी कुणाचंही काहीही विचारायच्या आणि सुनांना त्याचा जाच व्हायचा, हेही खरं. पण तुमच्या सभेत एकदा हात वर करायला सांगा : समोरच्या दोन्ही फ्लॅटमधल्या सगळ्यांची नावं कुणाला येतात?

आणि पालांवर स्वतः जा. ठराव घेऊन जाऊ नका. तिथे सहा ते चौदा वयाची किती मुलं आहेत ते विचारा आणि जवळच्या महापालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवा. शिक्षण हक्क कायद्याखाली दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाचा एक फोन गेला, तर हे काम आठवड्यात होतं.

तुम्ही लोक गरिबी, वस्ती, बेकारी सांगता. माझी निवृत्तीची रक्कम ज्या पतसंस्थेत बुडाली, तिच्या चेअरमनकडे तीन गाड्या होत्या. त्याला कोणत्या वस्तीने बिघडवलं? – एक ठेवीदार, अहिल्यानगर जिल्हा

तुमचा राग रास्त आहे आणि प्रश्न त्याहून रास्त. माझ्या वडिलांच्याही दोन मुदत ठेवी अशाच एका संस्थेत अडकल्या. पावत्या त्यांनी शेवटपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर जपून ठेवल्या होत्या.

नेमका हाच प्रश्न सदरलँड यांनी १९३९ साली आपल्या व्यवसायबंधूंना भर सभेत विचारला. तुमचे सिद्धांत गरिबांच्या नोंदींवर उभे आहेत. मोठ्या कंपन्यांचे गुन्हे पोलिसांच्या वहीत येतच नाहीत, म्हणून तुम्हाला गुन्हेगार म्हणजे गरीब असं दिसतं. मग त्यांनी अमेरिकेतल्या सत्तर मोठ्या कंपन्यांचे निकाल तपासून १९४९ साली पुस्तक काढलं. खटल्याच्या भीतीने प्रकाशकाने कंपन्यांची नावं गाळायला लावली. नावांसकट ते पुस्तक छापायला १९८३ साल उजाडलं, तोवर सदरलँड हयात नव्हते.

चेअरमनची वस्ती म्हणजे त्यांचं संचालक मंडळ. पुतण्याला तारणाशिवाय कर्ज, व्याज थकलं की जुनं फेडायला नवं कर्ज, हे तिथे कुणीतरी कुणाकडून शिकलेलं असतं, यात्रेतल्या पोरांसारखंच. मनाला समजावण्याची भाषाही तशीच. साइक्स आणि माट्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ साली ती टिपून ठेवली आहे : माझा नाइलाज होता, कुणाचं कायमचं नुकसान झालेलं नाही, आरोप करणारे कुठे धुतल्या तांदळाचे आहेत, मी हे आपल्या माणसांसाठीच केलं. फरक एवढाच की पोराची ही वाक्यं पोलीस ठाण्यात कुणी ऐकून घेत नाही आणि चेअरमनची वार्षिक सभेत टाळ्या घेतात. याचा मला मनस्वी संताप येतो.

तुमच्यासाठी वाट आहे. ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा पाहा. त्याखाली जबाबदार व्यक्तींची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे देण्याची तरतूद आहे. एकट्याने चकरा मारू नका. ठेवीदार एकत्र या, प्रत्येकाच्या पावतीची प्रत आणि रकमेची यादी करा, आणि आर्थिक गुन्हे शाखेकडे एकच तक्रार घेऊन जा.

माझा धाकटा भाऊ सात वर्षांची शिक्षा भोगून चार महिन्यांपूर्वी घरी आला. आत सुतारकाम शिकला. गावात कुणी काम देत नाही. दिवसभर घरात बसून असतो. जुने साथीदार मात्र रोज फोन करतात. काय करू? – मोठा भाऊ, पंढरपूर तालुका

दादा, त्या फोनची धास्ती बाळगलीत ते योग्यच आहे. पण फोन हिसकावून घेऊ नका. त्याला फोन करणारी दुसरी माणसं हवीत.

बॉस्टनमध्ये ग्लूक पती-पत्नींनी पाचशे गुन्हेगार मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला होता. ते कागद हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाच्या तळघरात खोक्यांत पडून होते. सॅम्पसन आणि जॉन लाउब यांनी ती खोकी उघडली आणि पुढे त्यांतल्या काहींना म्हातारपणी शोधून काढून भेटले. लहानपणी सगळेच वाया गेलेले. तरी पुष्कळजण सुधारले होते. कशाने? टिकणारी नोकरी लागली, समजूतदार बायको मिळाली, कुणी सैन्यात गेला. म्हणजे रोज सकाळी कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं आणि संध्याकाळी कुणीतरी वाट पाहत होतं.

तुमच्या जिल्ह्याशेजारीच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने १९३९ साली तिथे खुली वसाहत काढली : कैदी कुटुंबासह राहणार, शेती करणार, भोवती भिंत नाही. मी ती दोनदा पाहिली. दुपारच्या वेळी एक जण बायकोबरोबर शेंगा तोडत होता आणि मूल बांधावर झोपलं होतं. पळून का जात नाही, हे त्याला विचारायचा माझा बेत होता. विचारलं नाही.

तुमच्या भावाला घेऊन जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. सुटून आलेल्या बंद्यांसाठी कोणती मदत आहे ते विचारा. तुरुंगात केलेल्या कामाचा दाखला नसेल, तर तुरुंगाकडे अर्ज करा. गावातच काम मिळायला हवं हा हट्ट सध्या धरू नका.

पंढरपुरात एक मिस्त्री आहेत. दारं-खिडक्यांची कामं घेतात. माझ्या देखरेखीखालचे दोघं त्यांच्याकडे तयार झाले. काल त्यांना फोन केला. ‘हात बघतो, मग बोलतो,’ म्हणाले. ते असंच म्हणतात. त्यांचा पत्ता वेगळ्या पाकिटातून तुम्हाला पाठवला आहे. सोमवारी सकाळी नऊला भावाला पाठवा. बरोबर डबा द्या, आणि निघताना संध्याकाळी किती वाजता येणार ते विचारून ठेवा.